सेनापती बापट : मावळच्या जमिनीसाठी संस्थांची मोट बांधणारा माणूस

२८ नोव्हेंबर हा सेनापती बापट यांचा स्मृतिदिन. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मुंबईतही आहे. त्या रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. पण ज्या मातीनं या माणसाला 'सेनापती' ही पदवी दिली, ती माती आपली. मावळ आणि मुळशीची भातखाचरं हीच त्यांची रणभूमी. म्हणून शहरात त्यांची आठवण निघो न निघो, आपल्या गावात ती निघायला पाहिजे.

आणखी एक कारण आहे. मी या तालुक्यात विस्ताराचं काम करतो. एका गावात बैठकीला गेलो असताना सहज यादी केली, की या गावात काम करणाऱ्या संस्था किती? पाणलोटाची समिती, महिलांचे चार बचत गट, शहरातला एक ट्रस्ट, एका कारखान्याचा समाजसेवा निधी, तरुण मंडळ, भजनी मंडळ, आणि आमचं खातं. एवढ्या सगळ्यांचं काम चालू आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आंब्याची रोपं दोन संस्थांनी एकाच वाडीला दोनदा वाटली. वरच्या अंगाचा फुटका बंधारा मात्र तीन वर्षं तसाच. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्याच्या आराखड्यात असेल. त्यात आमचीही चूक होती, हे कबूल करतो.

संस्था पुष्कळ, पण मोट बांधलेली नाही. हे दुखणं जुनं आहे. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत अनेक मंडळी एकत्र आली, त्यांनी एका बलाढ्य कंपनीचं काम थांबवून दाखवलं, आणि पुढं तीच मोट सुटली. ती कशी बांधली गेली आणि कुठं सुटली, हे बापटांच्या चरित्रातून नीट समजतं.

पारनेरचा पांडुरंग

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, गाव नगर जिल्ह्यातलं पारनेर. घरची स्थिती बेताची. पोरगा मात्र हुशार. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाला आणि १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर इंजिनिअर व्हायला एडिंबरोला गेला.

मनात आणलं असतं तर साहेबाच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर बसले असते. पण तिथं हिंदुस्थानच्या परिस्थितीवर इंग्रजांविरुद्ध परखड बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनला शामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांच्या मंडळीत मिसळले. पॅरिसला जाऊन बाँब तयार करण्याची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये ती घेऊन मायदेशी आले. बंगालात अलीपूर बाँब खटला सुरू झाला, त्यात नाव येण्याची भीती होती. चार वर्षं भूमिगत काढली. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरावा न मिळाल्यानं सुटले.

इथपर्यंतची गोष्ट क्रांतिकारकाची. पुढची गोष्ट गावकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

हातात झाडू

सुटून पारनेरला आल्यावर बापटांनी हातात झाडू घेतला. गावचे रस्ते झाडायचे, घाण उचलायची. त्या काळात हे काम ज्यांच्या माथी मारलेलं होतं त्यांच्याशिवाय दुसरा कोणी त्याला हात लावत नव्हता. विलायतेला जाऊन आलेला ब्राह्मणाचा मुलगा रस्ता झाडतो, याची गावात काय चर्चा झाली असेल ती तुम्हीच करा. १९१४ मध्ये घरी मुलगा झाला, तेव्हा बारशाचं पहिलं जेवण त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना वाढलं. झाडू त्यांनी पुढं जन्मभर सोडला नाही.

नंतर पुण्याला येऊन 'मराठा' पत्रात काम केलं, पुढं 'लोकसंग्रह' दैनिकात. १९२० मध्ये मुंबईत झाडूवाल्या कामगारांच्या संपात पुढाकार घेतला. अंदमानात सडणाऱ्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी डॉ. नारायणराव सावरकरांनी मोहीम काढली, तेव्हा बापट सह्यांचे कागद घेऊन घरोघर फिरले.

ही कामं दिसायला बारीक. पण माणसं जोडण्याचं शिक्षण इथंच होतं. दारोदार जाऊन सही मागणारा माणूस प्रत्येक उंबऱ्यावर थांबतो, ऐकून घेतो. संपात उभा राहिलेला माणूस शिकतो, की पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला नुसतं भाषण पुरत नाही. क्रांतिकारक, संपादक, कामगार, राजबंद्यांचे नातेवाईक, गावची अस्पृश्य वस्ती, एवढ्या निरनिराळ्या लोकांत वावरलेला दुसरा माणूस त्या काळात शोधून सापडला असता का, शंकाच आहे. मुळशीला असाच माणूस हवा होता.

मावळात धरणं आली

आता जरा आपल्या भागाकडं बघू. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड. ते पाणी अडवायचं, बोगद्यातून आणि नळातून खाली कोकणात सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, ही टाटांची योजना. १९११ मध्ये लोणावळ्याला तिची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तलाव त्यातलेच. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढं ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर चालू झालं. म्हणजे मावळाच्या जमिनी आधी पाण्याखाली गेल्या. आज पर्यटक ज्या तलावांकडं बघून खूश होतात, त्यांच्या तळाशी कोणाची तरी खाचरं आहेत.

मग पाळी आली मुळशीची. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाखाली मोठं धरण बांधायचं आणि पाणी भिऱ्याला उतरवायचं, असा बेत ठरला. त्यात पन्नासच्या आसपास गावं बाधित होणार होती. भाताची उत्तम जमीन, आंबेमोहोराचा मुलूख. शेजारच्या खोऱ्यात काय झालं ते मुळशीच्या लोकांच्या डोळ्यासमोर होतं. त्यातच शेतकऱ्याला न विचारता त्याच्या खाचरात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली.

ज्यानं भातशेती केली आहे त्यालाच खाचराची किंमत कळते. खाचर एका वर्षात होत नाही. बांध घालायचा, माती वाहून आणायची, सपाटी करायची, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरेल असा उतार ठेवायचा. आजोबा बांध घालतो आणि नातू त्यात पोटभर पिकवतो. अशा जमिनीचा भाव एकरावर कसा लावणार? मुळशीचा राग मोबदला कमी म्हणून नव्हता. जमीनच द्यायची नाही, असं कसणाऱ्याचं म्हणणं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

मोट कशी बांधली गेली

एकट्या मुळशीच्या शेतकऱ्यानं काय केलं असतं? अर्ज केला असता आणि तो कचेरीत पडून राहिला असता. इथं वि. म. भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढं आले. त्यांनी खोऱ्यातली हाक पुण्याला पोहोचवली. लोकमान्य टिळक ऑगस्ट १९२० मध्ये गेले होते. त्यांच्यामागं पुण्यात न. चिं. केळकर होते, हाताशी 'केसरी' होता. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे होते. गांधीजींच्या असहकाराच्या विचारानं भारलेले शंकरराव देवांसारखे तरुण होते. आणि बापट होते, ज्यांचा पिंड क्रांतिकारकाचा.

या मंडळींचं आपसात फार जमत होतं असं नाही. टिळकांच्या पठडीतले आणि गांधींच्या वाटेनं जाणारे यांच्यात धुसफूस होती. पण मुळशीसाठी ते एका जागी आले. प्रत्येकानं आपल्याजवळ जे होतं ते दिलं. वर्तमानपत्रानं बातमी दिली, काँग्रेसच्या मंडळींनी ठरावाचं वजन दिलं, तरुणांनी अंगमेहनत दिली, गावकऱ्यांनी भाकरी आणि माणसं दिली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास लोक धरणाच्या जागी गेले आणि कामावर बसले. त्यात मावळे होते आणि बाहेरून आलेले स्वयंसेवकही होते. कोणी कुदळ मारू नये म्हणून माणसं चरात बसली. काम बंद पडलं. दिवसामागून दिवस लोक येत राहिले. शेवटी कंपनीनं सहा महिने काम थांबवण्याचं कबूल केलं.

विचार करा. इंग्रज सरकार कंपनीच्या पाठीशी, कायदा कंपनीच्या बाजूनं, पैसा कंपनीकडं. आणि लंगोटी लावलेल्या मावळ्यानं काम थांबवलं. एकजुटीची ताकद यापेक्षा वेगळी काय सांगायची? याच लढ्यात पांडुरंगरावांचे लोकांनी सेनापती केले, आणि ते नाव त्यांना मरेपर्यंत चिकटलं.

मोट कुठं सुटली

आता दुखरी बाजू. ती लपवून उपयोग नाही, कारण शिकायचं तिथंच आहे.

सहा महिन्यांची उसंत मिळाली. ती सरकार आणि कंपनी यांनी पुरेपूर वापरली. भूसंपादनाच्या कायद्याचं हत्यार पुढं आलं. आपल्या बाजूला मात्र एक मोठी गोम होती. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच मालकीच्या होत्या. कसणारा मावळा आणि कागदावरचा मालक पुण्यात. धरणाला विरोध करायला सुरुवातीला दोघंही होते. पण दोघांचं मन एक नव्हतं. कसणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीचा पैसा हवा होता. मोबदल्याचा भाव बरा निघतो म्हटल्यावर सावकार सरकला. तो सरकला की त्याचं कूळही हललं, कारण कर्जाची दोरी त्याच्या हातात.

पुण्याच्या पुढाऱ्यांचीही अडचण होती. त्यांच्यातले काही ज्या समाजात वावरत, त्याच समाजातले हे सावकार. त्यामुळं लढा जमीन वाचवण्याचा, की जास्त मोबदला मिळवण्याचा, हे एका सुरात ठरलं नाही. काहींना यातून स्वराज्याची चळवळ पुढं न्यायची होती. काहींना अहिंसेची कसोटी महत्त्वाची. मागण्या तीन-चार आणि झेंडा एक, अशी गत झाली.

डिसेंबर १९२१ मध्ये लढा पुन्हा सुरू झाला, तेव्हा सरकारनं सैल हात ठेवला नाही. धरपकड झाली. बापट तुरुंगात गेले, सुटले, परत गेले. परांजप्यांना १९२२ मध्ये शिक्षा झाली, देवांनाही झाली. बायामाणसंही मागं राहिली नाहीत, त्यांनीही तुरुंग पाहिला. पण पुढारी आत गेला की बाहेर काम बघणारी दुसरी फळी अपुरी पडली. दर वेळी विझलेला चुलवण नव्यानं पेटवायचा. लोक थकले. एकेका गावानं मोबदला घ्यायला सुरुवात केली. गांधीजींनी आरंभी या लढ्याला सहानुभूती दाखवली होती. पुढं बहुतेकांनी मोबदला घेतल्यावर लढा थांबवावा, असं त्यांचं मत पडलं.

बापटांना ते पटणारं नव्हतं. सत्याग्रहाचा त्यांचा स्वतःचा विचार होता, त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. अन्याय थांबवायला गरज पडली तर हत्यार उचलावं, पण लपायचं नाही आणि शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायची, असा त्याचा ढोबळ अर्थ. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची गाडी रुळावर दगड टाकून अडवली. त्यात हत्यारही चाललं. पळून न जाता ते पकडले गेले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी सिंध हैदराबादच्या तुरुंगात भोगली.

या शेवटच्या प्रकाराबद्दल आजही दोन मतं आहेत. धाडस मोठं, यात वाद नाही. पण रामनवमीला बाराशे माणसं होती आणि आगगाडी अडवताना बोटावर मोजण्याइतकी उरली, हा हिशेब बोलका आहे. मोट सुटली की शेवटी एकट्या शूर माणसाला स्वतःचा देह पुढं करावा लागतो. त्यानं तो माणूस मोठा होतो, पण जमीन वाचत नाही. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळशीची खाचरं पाण्याखाली गेली.

पुन्हा मोट बांधली

सात वर्षांनी, १९३१ मध्ये बापट बाहेर आले. दुसरा असता तर घरी बसला असता. हे काँग्रेसच्या कामात उतरले, भाषणांपायी पुन्हा मोठी शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये सुटले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान लोकांनी या म्हाताऱ्या सेनापतीला दिला.

स्वराज्य आलं तरी गोवा पोर्तुगीजांकडंच होता. १९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक अशी वेगवेगळ्या घरातली माणसं तिच्यात होती. समाजवादी, साम्यवादी, हिंदुत्ववादी, काँग्रेस सोडलेले, सगळे. एरवी एकमेकांच्या सभेला न जाणारी ही मंडळी. पण मागणी एकच : गोवा मोकळा करा. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. गोऱ्यांना पोर्तुगीजांनी लांबलचक शिक्षा ठोठावली. पण एक तुकडी पकडली की दुसरी तयार, अशी व्यवस्था समितीनं केली होती. मुळशीत जी दुसरी फळी कमी पडली, ती इथं होती. पुढं डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला. काम सैन्यानं पुरं केलं हे खरं, पण प्रश्न जिवंत ठेवला तो या तुकड्यांनी.

त्याच वेळी संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत विधानसभेवर मोर्चा निघाला, त्यात सेनापती अग्रभागी होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, सगळे एका चौकटीत. प्रत्येकानं आपला पक्ष ठेवला, झेंडा ठेवला, पण मागणी एकच : मुंबईसह महाराष्ट्र. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. बेळगाव-कारवारचं दुखणं राहिलं, आणि राज्य मिळाल्यावर समितीही फुटली. पण काम झाल्यावर फुटणं आणि काम होण्याआधी फुटणं, यात फरक आहे.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापती गेले. सत्त्याऐंशी वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात.

आपल्या गावासाठी यात काय?

मुळशी हरली आणि संयुक्त महाराष्ट्र जिंकला. माणूस तोच, हिंमत तीच. फरक मोट बांधण्याच्या पद्धतीत होता. आपल्या तालुक्यात तर हे नुसतं इतिहासातलं नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी, निरनिराळे पक्ष आणि संघटना द्रुतगती मार्गावर बऊरजवळ एकत्र आल्या. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि ते काम कित्येक वर्षं थांबलं. एकजूट स्वस्तात मिळत नाही, ती कधी कधी रक्तानं मिळते. म्हणून ती उधळून टाकणं परवडत नाही.

रोजच्या कामात मात्र रक्ताची नाही, थोड्या शिस्तीची गरज आहे. सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, बचत गटाच्या ताई आणि संस्थांचे कार्यकर्ते यांनी पुढच्या गोष्टी बघाव्यात.

पहिली गोष्ट, मागणी एक करा. गावात चार संस्था येऊ द्या, पण त्यांना सांगा की या वर्षी गावाचं पहिलं काम अमुक. बंधारा असेल तर बंधारा, भाताच्या बियाण्याचा प्रश्न असेल तर बियाणं. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिला आणि आज मावळचा तांदूळ म्हटलं की लोक इंद्रायणीच मागतात. एवढं नाव असलेला माल आपण सुटा सुटा विकतो, आणि व्यापारी त्याचाच फायदा घेतो. गट, कंपनी, संस्था यांची एकच मागणी असेल तर भाव ठरवताना आपलाही शब्द चालेल.

दुसरी गोष्ट, दोरी कोणाच्या हातात ते आधी बघा. मुळशीत ती सावकाराच्या हातात होती, म्हणून त्यानं सोडली तेव्हा मोट सुटली. बाहेरची संस्था कितीही चांगली असो, निर्णयाची वही ग्रामसभेची पाहिजे. पैसा ज्याचा त्याचाच शब्द, असं झालं की पैसा संपल्यावर कामही संपतं. कसणारा, लावणी करणारी बाई, ज्याला जमीन नाही असा मजूर, यांना बैठकीत बोलू द्या. ते गप्प बसले तर समजा, मोटेला कुठं तरी भोक आहे.

तिसरी गोष्ट, दुसरी फळी तयार ठेवा. पुढारी तुरुंगात गेला म्हणून मुळशीत काम अडलं. आज पुढारी तुरुंगात जात नाही, पण अधिकाऱ्याची बदली होते, ट्रस्टचा निधी बंद होतो, कार्यकर्त्याला शहरात नोकरी लागते. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा आणि हिशेबाची वही तिसऱ्याला दाखवत जा.

चौथी गोष्ट, उसंत मिळाली तर ती वापरा. मुळशीला सहा महिने मिळाले होते. आपल्याकडं भातकापणी झाली की उन्हाळ्यापर्यंत तीन-चार महिने मिळतात. पावसाळ्यात मग पाणीच बघायचं. त्या मोकळ्या महिन्यांत सगळ्या संस्थांना एका पंगतीत बसवा, कोण काय करणार हे लिहून घ्या आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

सुरुवातीला ज्या गावाची गोष्ट सांगितली, तिथं नंतर असाच कागद लावला. महिलांच्या गटानं मजुरांची हजेरी बघितली, तरुण मंडळानं दगड गोळा केले, ट्रस्टनं सिमेंट दिलं, आमच्या खात्यानं आराखडा केला. बंधारा पावसाच्या आधी पुरा झाला. फार मोठं काम नव्हे. पण त्या वर्षी खालच्या अंगाच्या खाचरांना शेवटचं पाणी मिळालं आणि भात भरून निघाला.

मुळशीचा तलाव उन्हाळ्यात आटतो, तेव्हा जुन्या गावाच्या खुणा वर येतात. कधी त्या बाजूला गेलात तर थोडं थांबा. पुढच्या ग्रामसभेला जाताना ते चित्र डोळ्यासमोर ठेवा, आणि शेजारच्या गटाच्या माणसाला सोबत घेऊन जा.